खामगावातून ॲपलचा शेअर

कुठे मिळतो? अमेरिकेच्या नॅस्डॅक बाजारात, १२ डिसेंबर १९८० पासून. मुंबईच्या बाजारात नोंदणी नाही.

व्यवहाराची वेळ : खामगाव असो की मलकापूर, संध्याकाळी ७ ते रात्री दीड. अमेरिकेच्या हिवाळ्यात तासभर उशिरा.

घोषणा वेगळी, विक्री वेगळी : पहिला आयफोन ९ जानेवारी २००७ रोजी जाहीर झाला, दुकानात आला २९ जूनला. नवे मॉडेल आता बहुधा सप्टेंबरात येते. विक्रीचे आकडे मात्र तिमाही निकालातच कळतात.

मर्यादा : परदेशात पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत माणशी, आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर.

कर : लाभांशातून अमेरिकेत साधारणपणे २५ टक्के कपात. परदेशी शेअर, अगदी एकच असला तरी, प्राप्तिकर विवरणपत्रात दाखवणे बंधनकारक.