एकोणसाठ म्हणजे किती?



मागच्या महिन्यात आम्ही सहावीच्या वर्गात मुलांना 'एकोणसाठ' आकड्यात लिहायला सांगितले. कुणी ६९ लिहिले, कुणी ४९. 'फिफ्टी नाइन' म्हणताच मात्र सर्वांचे बरोबर आले. मुलांना गणित येते, शब्द अडतो. आम्ही रागावलो नाही. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. 'उनसठ' तोंडी बसलेले, 'एकोणसाठ' आम्हीही मागाहूनच घोकले.

अडचण खरी आहे. तेलुगूत २७ म्हणजे 'इरवै एडु', वीस सात. १९६१ पर्यंत गोव्यात राज्य केलेल्या पोर्तुगिजांच्या भाषेत 'विंत ई सेत', म्हणजे वीस आणि सात. दोन्हीकडे आकडा लिहितात त्याच क्रमाने बोलतात. मराठीत 'सत्तावीस' म्हणताना सात आधी येतो, वीस नंतर. म्हणूनच २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस सात' असेही वाचण्याची पद्धत आली आणि महाराष्ट्रात मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी सांगितले की, ही लहान मुलांची सोय आहे, जुने शब्द रद्द केलेले नाहीत.

आमचे मत असे की, समजण्यासाठी 'वीस सात' जरूर म्हणावे, पण तेथेच थांबू नये. 'एकोण' म्हणजे एकाने उणे. साठात एक उणा तो एकोणसाठ. १९ पासून ८९ पर्यंत हाच नियम चालतो. ९९ मात्र नव्याण्णव.

माणसे मोजताना दोघे भाऊ, दोघी बहिणी, तिघे, चौघी असे म्हणावे. आपल्या मुलांना तेलुगूतले 'इद्दरु', 'मुग्गुरु' ठाऊक आहेतच, तेही माणसांसाठीच आहेत. पोर्तुगीजमध्येही 'दोन' हा शब्द लिंगाप्रमाणे बदलतो.

पालकांना विनंती, सुलतान बाजारात भाजीचा भाव तेलुगूत करा, हिंदीत करा, पण घरी आल्यावर तोच हिशेब मुलांकडून मराठीत वदवून घ्या. गावाकडची आजी फोनवर "मला एकोणऐंशी पूर्ण झाली" म्हणाली, तर नातवाला तिचे वय कळले पाहिजे.

सहावीच्या मुलांनो, पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा वर्गावर येत आहोत. खडू तयार ठेवा.

— मुख्याध्यापक