शेवटच्या नळाची वही

नळयोजना नवी आहे, टाकी भरलेली आहे, तरी वरच्या आळीत हंडा भरत नाही, अशी तक्रार आम्ही बचत गटांच्या बैठकांत नेहमी ऐकतो. विचारायला गेलं की उत्तर मिळतं, "आराखड्यात तर पाणी पोचतंय." म्हणून आज हा आराखडा समजून घेऊ.

योजना आखताना अभियंते गावाची पाइपलाइन संगणकात मांडतात. त्याला हायड्रॉलिक मॉडेल म्हणतात. एपानेट हे त्यासाठीचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे. टाकीची उंची, पाइपचा व्यास आणि लांबी, प्रत्येक आळीची उंची आणि तिथली पाण्याची गरज भरली, की कुठे किती दाबाने पाणी पोचेल ते संगणक सांगतो. दाब मीटरमध्ये लिहितात. 7 मीटर दाब म्हणजे तिथे उभा पाइप जोडला तर पाणी त्यात 7 मीटर चढेल.

पण संगणकाला आपण भरलं तेवढंच कळतं. नंतर दिलेली नळजोडणी, अर्धवट उघडलेला व्हॉल्व्ह, कुणी नळाला लावलेली मोटार त्याला दिसत नाही. ते नळावरच्या नोंदीत दिसतं.

टाकीजवळचं एक, मधलं एक आणि शेवटचं किंवा उंचावरचं एक, अशी तीन घरं निवडा. वहीत रोज तारीख, पाणी आल्याची आणि गेल्याची वेळ लिहा. 15 लिटरची बादली किती मिनिटांत भरली तेही लिहा. 3 मिनिटांत भरली, तर मिनिटाला 5 लिटर. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज 55 लिटर धरलेत. पाच माणसांना 275 लिटर, म्हणजे 55 मिनिटं पाणी हवं. 40 मिनिटंच आलं, तर माणशी 40 लिटरच मिळाले.

अहवाल देताना नुसती सरासरी सांगू नका. टाकीजवळ माणशी 70 आणि शेवटी 40 लिटर मिळाले, तरी दोन्हींची सरासरी 55 येते! कागदावर सगळं ठीक, आणि शेवटची बाई हंडा घेऊन विहिरीवर. म्हणून प्रत्येक घराचा आकडा वेगळा लिहा.

मग पाणीपुरवठा समितीकडे मॉडेलचा अहवाल मागा. लोकसंख्या कोणत्या वर्षाची धरली, नळ किती धरले, आपल्या आळीला दाब किती दाखवला, हे तीन आकडे वहीशेजारी मांडा. समितीत निम्म्या तरी महिला असाव्यात असं मिशनच सांगतं, तेव्हा विचारायला संकोच नको.

पुढच्या बैठकीत वही कोण ठेवणार, तेवढं ठरवून टाका.