मांजराच्या पिसवा : उपाय घरचा, पण जपून

असरची नमाज आटोपून अम्मी जानमाजवर तस्बीह पढत बसल्या होत्या. मनी आपल्या पिल्लाला घेऊन नेहमीप्रमाणे त्यांच्या शेजारी येऊन पहुडली. थोड्या वेळाने अम्मी पाय खाजवू लागल्या. घोट्याभोवती लाल पुरळ उठले होते. मुलांच्या पायांवरही दोन दिवसांपासून तसेच ठिपके होते. आम्ही ते डासांचे समजत होतो. मनीच्या मानेवरचे केस बाजूला केले तेव्हा उलगडा झाला. पिसवा!

"आता मांजरच नको घरात," असा सूर निघाला आणि मुलांचे चेहरे उतरले. मांजर नापाक नाही, ते तुमच्यात सतत वावरणाऱ्यांपैकी आहे, या आशयाची हदीस ह. अबू कतादा (रजि.) यांच्याकडून आलेली आहे. तेव्हा मांजर घालवायचे नाही, पिसवा घालवायच्या असे आम्ही ठरवले.

पण इथेच आमची चूक झाली. बाजारातले विषारी औषध नको म्हणून आम्ही खोबरेल तेलात कापूर विरघळवून दोघांच्या अंगाला चोळला. रात्री पिल्लाच्या तोंडातून लाळ गळू लागली, अंग थरथरू लागले. गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांच्या सांगण्यावरून सौम्य साबणाने तेल धुऊन काढले, पिल्लाला कोरडे करून उबेत ठेवले आणि सकाळ होताच दवाखाना गाठला. अल्हम्दुलिल्लाह, पिल्लू वाचले.

डॉक्टरांनी आम्हाला दोन गोष्टी समजावल्या. मांजर दिवसभर अंग चाटते, म्हणून अंगाला लावलेले सारे त्याच्या पोटात जाते. शिवाय आपले किंवा कुत्र्याचे यकृत जे पदार्थ पचवते, त्यातले कित्येक मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत. मग त्यांनी पिल्लाच्या हिरड्या दाखवल्या. त्या पांढुरक्या पडल्या होत्या. पिसवांनी रक्त शोषल्यामुळे लहान पिल्लू दगावूही शकते. म्हणजे उपाय न करणे धोक्याचे आणि भलता उपाय करणेही धोक्याचे.

मग करायचे काय? पहिले साधन प्रत्येक घरात असते, ते म्हणजे उवांची बारीक फणी. मांजरासाठी ती वेगळी ठेवावी. रोज मान, पाठ आणि शेपटीच्या बुडाशी हळूहळू फिरवावी आणि निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात. फणीत काळे कण आले तर ते ओल्या पांढऱ्या कपड्यावर ठेवून पाहावेत. तांबूस डाग पडला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त आहे.

दुसरे काम घराचे. अंगावर दिसतात त्या पिसवा एकूण संख्येच्या जेमतेम 5 टक्के असतात. उरलेल्या अंडी, अळ्या आणि कोषांच्या रूपात सतरंजीत, गादीखाली, फरशीच्या फटीत असतात. एक मादी दिवसाला 40 पर्यंत अंडी घालते आणि ती मांजराच्या अंगावरून घरभर गळतात. म्हणून पलंगाखाली आणि कोपऱ्यांत रोज झाडून कचरा पिशवीत बांधून लगेच घराबाहेर टाकावा. मांजराचे अंथरूण, चादरी, जानमाज आठवड्यातून एकदा धुवावेत. सोसेल त्या कापडाला कढत पाणी वापरावे आणि सगळे कडक उन्हात वाळवावे.

चार दिवसांत पिसवा दिसेनाशा झाल्या म्हणून थांबू नये. कोषातली पिसू कित्येक महिने दडून राहू शकते. माणसांची चाहूल आणि ऊब लागली की ती बाहेर पडते. मे महिन्यात गावाहून परतल्यावर बंद घरात एकदम पिसवा का चावतात, ते यावरून कळावे. निदान दोन-तीन महिने नेटाने सफाई चालू ठेवावी.

काय करू नये, तेही लक्षात असू द्या. कापूर, रॉकेल, निलगिरी किंवा टी ट्री तेल मांजराला लावू नये. लसूण-कांदा खाऊ घालू नये, त्याने मांजराचे रक्त खराब होते. मांजर फिरते त्या फरशीला फिनाईल वापरू नये. परमेथ्रिन असलेले कुत्र्याचे औषध तर मांजराचा जीव घेऊ शकते. अंथरुणाखाली कडुनिंबाचा पाला ठेवायला हरकत नाही, पण केवळ त्यावर विसंबू नये.

हिरड्या फिकट दिसल्या, पिल्लू मलूल झाले किंवा शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले, तर डॉक्टरांकडे जावे. ते तुकडे पट्टकृमीचे असतात आणि पिसू गिळल्याने ही कृमी होते. सफाईने भागत नसेल तर मांजराच्या वजनानुसार डॉक्टरांनी दिलेले औषध वापरण्यात कमीपणा नाही.

मांजराला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीची हदीस आम्ही वर्गात मुलांना अनेकदा सांगितली आहे. आपण तर मांजराला दूधभात घालतो, असे समजून निश्चिंत होतो. आता संध्याकाळी फणी घेऊन बसायचे काम मुलांनी आपसांत वाटून घेतले आहे, आणि मनी पुन्हा अम्मींच्या शेजारी येऊन बसते.