खळ, काजळ आणि आजीचा फोटो

शिरूर तालुक्यातल्या निमोण्यात, ओट्यावर बसून आजी बाजरी पाखडत होती तेव्हा मी तिचा फोटो काढला. उन्हं कलली होती, सुपातून उडालेला कोंडा हवेत तरंगत होता, कपाळावरचं गोंदण हिरवं दिसत होतं. फोटो चकचकीत कागदावर छापून आणला आणि भिंतीवर लावला, तर आजीच्या जागी दिसायची समोरची ट्यूबलाइट!

मग तोच फोटो सुती मॅट कागदावर छापला. कोंड्याचा कण न् कण उठून आला, सुरकुत्यांना खोली आली. फाइल तीच, प्रिंटर तोच, बदलला होता फक्त कागद. त्या दिवसापासून मला कागदाचं वेड लागलं.

शाईला कागदात शिरू तर द्यायचं, पण पसरू द्यायचं नाही, हा कागदाचा सगळ्यात जुना पेच. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर शाईचा थेंब टाकून पाहा, त्याला पाय फुटतात. आमच्याच जिल्ह्यातल्या जुन्नरला हा पेच शतकांपूर्वी सोडवला गेला होता. तिथले कागदी, म्हणजे कागद बनवणारे कारागीर, वाळलेल्या तावाला खळ लावायचे आणि गुळगुळीत दगडाने तो घोटायचे. खळीने धाग्यांमधली भोकं बुजत आणि घोटल्याने बोरू सरसर चाले. पुण्याच्या पेशवे दफ्तरातली मोडी कागदपत्रं अशाच हातकागदांवर लिहिलेली आहेत. जुन्नरहून येणारी कुकडी पुढे आमच्या घोड नदीलाच मिळते, त्यामुळे जुन्नरी कागद मला परका वाटतच नाही.

आजच्या इंकजेट प्रिंटरच्या कागदावरही खळच असते, फक्त ती सिलिकाची. सिलिकाचे अतिसूक्ष्म कण चिकट द्रव्यात कालवून कागदावर त्यांचा पातळ थर देतात. कणांमध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या फटी राहतात. प्रिंटरचा एक थेंब 4 पिकोलिटरचा धरला, तर एका मिलिलिटरात असे 25 कोटी थेंब मावतात! असा थेंब पडला की त्यातलं पाणी फटींमधून खाली ओढलं जातं आणि रंगाचे कण वरच्या वर अडकून बसतात. म्हणून भुवईचा एकेक केस सुटा राहतो.

आणि काळा रंग? मोडी लिहिणारे काजळ डिंकाच्या पाण्यात खलून शाई करायचे. काजळ म्हणजे कार्बन. आजच्या पिगमेंट, म्हणजे रंगकणांच्या, शाईतला काळाही कार्बनच असतो. हे कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ प्रिंटरमधल्या शाईच्या छोट्याशा काडतुसाकडे बघत बसलो होतो.

पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, 1940 साली सुरू झालेली. बनियन आणि टी-शर्ट बेतताना उरलेल्या सुती चिंध्यांचा तिथे लगदा होतो आणि लगद्याचा कागद. कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातलं लिग्निन उरतं, म्हणून तो उन्हात पिवळा पडतो. सुती कागदात लिग्निन नसतं आणि आम्लही नसेल तर तो पिढ्यान् पिढ्या टिकतो. मोहात पडून मी एक खरबरीत हातकागद थेट प्रिंटरमध्ये घातला. गोंदणाचा हिरवा मातकट झाला, काळ्याची राख झाली. कागदाचा यात काही दोष नाही, त्यावर इंकजेटसाठीची खळच नव्हती. शिवाय त्याचे सुटे तंतू प्रिंटरच्या शाई सोडणाऱ्या तोंडात अडकू शकतात. म्हणून कागद घेताना सुती आहे का एवढंच विचारून भागत नाही, त्यावर इंकजेटचा लेप आहे का, हेही विचारावं लागतं.

आणखी एक परीक्षा मला फार आवडते. नोटा तपासायचा जांभळा दिवा कोऱ्या कागदावर धरायचा. काही कागद निळे लखलखतात. पांढऱ्या कपड्यांना नीळ द्यावी तशी कागदाला शुभ्रता यावी म्हणून त्यात चमक आणणारी रसायनं घातलेली असतात. ती अदृश्य अतिनील किरण शोषतात आणि निळा उजेड परत देतात. वर्षं सरतात तसा त्यांचा जोर ओसरतो आणि कागद मुळातल्या पिवळसर रंगावर येतो. दिव्याखाली शांत राहणारा कागद आधीपासूनच किंचित सायीच्या रंगाचा असतो आणि तसाच राहतो. आजीसाठी मी तोच निवडला.

मॅट कागद सगळ्याच फोटोंना साजतो असं मात्र नाही. रात्रीचं आभाळ, पावसात भिजलेला काळा कातळ अशा फोटोंना गडद काळा लागतो आणि मॅटवर काळा थोडा फिकाच राहतो. तिथे बरायटा घ्यावा. बेरियम सल्फेटचा थर दिलेला हा कागद जुन्या डार्करूमच्या प्रिंटची आठवण करून देतो. वजनाचं म्हणाल तर झेरॉक्सचा कागद 75-80 जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम) असतो, हे कागद 300 च्या आसपास. एकेक ताव प्रिंटरच्या मागच्या बाजूने, न वाकवता घालायचा आणि सेटिंगमध्ये त्या कागदाचंच प्रोफाइल निवडायचं. मॅटसाठी वेगळी काळी शाई असते, तीही तपासून घ्यायची.

प्रिंट हाताला कोरडी लागली तरी शाईतली काही द्रव्यं हळूहळू उडत असतात. प्रिंट लगेच काचेत बसवली तर ती द्रव्यं काचेवर आतून धुकं धरतात. म्हणून आजीचा फोटो मी रात्रभर खाटेवर उघडाच ठेवला, वर पातळ कागद पसरून. सकाळी ती चहा घेऊन आली, कागदाचं एक टोक उचलून आत डोकावली आणि म्हणाली, "वाळले का रे मी?"