दापोलीचे चढ आणि सायकलचे दोन ब्रेक

सायकल ही आपल्या घरांत कामावर जाण्याची वस्तू. डबा लटकवायचा आणि पाळी गाठायची. तीच सायकल घेऊन पोरांनी कोकण हिंडावे असे आम्ही म्हटले, तर आईबाप कपाळाला आठ्या घालतील. तरी म्हणतो.

दापोली सुमारे ८०० फूट उंचावर. तिथून हर्णैला उतारच उतार. पुढे आंजर्ले, केळशी, वेळास. नकाशावर किनारा सरळ वाटतो, पण दर खाडीला उतरायचे आणि पुन्हा जांभ्याच्या सड्यावर चढायचे. गिअर नसतील तर चढाला सायकल हातात धरून चालावे, त्यात कसली लाज? मोठ्या खाड्यांवर फेरीबोटी आहेत: वेसवीहून बागमांडला, दाभोळहून धोपावे. दाभोळची २००३ साली सुरू झाली. बोटीत सायकलही चढते.

खरी भीती उताराची. तांबडी खडी सुटी असते; नुसता पुढचा ब्रेक आवळला की माणूस हँडलवरून खाली. दोन्ही ब्रेक थोडे थोडे, वळणाच्या आधी दाबावेत. झिजलेले रबर निघण्यापूर्वीच बदलावे. ते स्वस्त असते. मोडलेला हात महिनाभराची मजुरी खातो. खारा वारा लोखंड खातो, म्हणून परतल्यावर साखळी गोड्या पाण्याने पुसून तेल द्यावे. पावसाळ्यात मात्र जाऊच नये, दिवाळीनंतर निघावे.

बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे याच मंडणगड तालुक्याच्या डोंगरांत आहे. वाट वाकडी करून जरूर जावे. किनारा सोडून आत चढायचे आहे, तेव्हा उन्हाआधी निघावे.