काम लॅपटॉपवरचं, मग बँकॉकचं तिकीट कशाला?

"बँकॉकमध्ये कस्टमर सपोर्टची नोकरी. राहणं-खाणं कंपनीचं. व्हिसा लागत नाही." असा मेसेज एखाद्या ग्रुपवर आला की घरात दोन तट पडतात. अम्मीला काळजी, मुलाला घाई. धामणकर नाक्यापासून शांतीनगरपर्यंत आता अशी कितीतरी घरं आहेत जिथे वडिलांचं आयुष्य यंत्रमागावर गेलं आणि मुलगा किंवा मुलगी लॅपटॉपवर डिझाइन, अकाउंटिंग, ऑनलाइन ट्यूशन असं काम करते. काम लॅपटॉपवर आहे तर ते भिवंडीतूनच का करायचं, बँकॉक किंवा कुआलालंपूरमधून का नाही, हा प्रश्न साहजिक आहे. त्यात गैर काही नाही. फक्त तीन गोष्टी एकमेकींत मिसळू देऊ नका: तिकडे फिरायला जाणं, आपलं इथलंच काम तिथे बसून करणं, आणि तिथली नोकरी धरणं. कायद्याच्या नजरेत या तिन्ही वेगवेगळ्या आहेत आणि फसवणूक होते ती नेमकी यांच्या सरमिसळीतून.

फिरायला जाणं आज सोपं झालंय. थायलंडने भारतीयांना नोव्हेंबर २०२३ पासून व्हिसाशिवाय प्रवेश दिला आणि जुलै २०२४ मध्ये ती मुदत ६० दिवसांची केली. ही मुदत कमी करण्याची चर्चा तिथे होत असते, म्हणून तिकीट काढण्याआधी दूतावासाच्या साइटवर ताजा नियम पाहा. एजंटच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. मलेशियात ३० दिवस व्हिसा लागत नाही, ही सवलत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत आहे. दोन्ही देशांत पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरावं लागतं. ते सरकारी साइटवर फुकट भरता येतं. त्याचे पैसे मागणारी साइट दिसली तर समजून जा. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि खर्चापुरते पैसे विमानतळावर विचारू शकतात. थायलंडच्या नियमात माणशी २० हजार बाट आहेत.

पण व्हिसाशिवाय प्रवेश म्हणजे कामाची परवानगी नव्हे. पासपोर्टवरचा तो शिक्का पाहुण्याचा असतो.

आता दुसरी गोष्ट: आपल्या भारतातल्या कंपनीचं किंवा ग्राहकाचं काम तिथे राहून करणं. यासाठी या देशांनी वेगळे परवाने काढलेत. थायलंडचा 'डेस्टिनेशन थायलंड व्हिसा' जुलै २०२४ मध्ये सुरू झाला. मुदत पाच वर्षं, एका वेळी १८० दिवस राहता येतं, फी १० हजार बाट, वय किमान २०. मात्र बँकेत ५ लाख बाट दाखवावे लागतात, म्हणजे आपल्याकडचे तेरा-चौदा लाख रुपये. मलेशियाचा 'डीई रांटाऊ' पास २०२२ पासून आहे. तो तीन ते बारा महिन्यांचा असतो आणि पुढे वाढवता येतो, बायको-मुलांनाही सोबत नेता येतं. त्यासाठी आयटीच्या माणसाची कमाई वर्षाला २४ हजार डॉलरहून जास्त, म्हणजे साधारण वीस-एकवीस लाख रुपये हवी; आयटीबाहेरच्यांना ही अट ६० हजार डॉलरची आहे. इंडोनेशियाच्या अशाच व्हिसालाही ६० हजार डॉलरच लागतात.

हे आकडे वाचून बहुतेकांचं मन खट्टू होईल, आणि सरळ बोलायचं तर हे परवाने महिना तीस-चाळीस हजार कमावणाऱ्या मुलासाठी बनलेलेच नाहीत. त्याने एक महिना फिरून यावं, जग बघावं आणि कामाला परत यावं. नाराज होण्याचं कारण नाही, कारण बँकॉकचा ग्राहक मिळवायला बँकॉकला जावं लागत नाही.

ज्यांना हे परवाने परवडतात, त्यांनी आधी आपल्या कंपनीची लेखी परवानगी घ्यावी. बऱ्याच कंपन्या परदेशातून लॉगिनच होऊ देत नाहीत. बँकेचा किंवा रुग्णांचा डेटा हाताळणाऱ्या तर नाहीच. वर्षात १८० दिवस थायलंडमध्ये, किंवा १८२ दिवस मलेशियात काढले की तिथल्या आयकराचा प्रश्न उभा राहतो, तेव्हा जाण्याआधीच सीएशी बोला.

मग रोजचं गणित. बँकॉक आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे आणि कुआलालंपूर अडीच तास. भारतातली सात वाजता सुटणारी शिफ्ट बँकॉकला साडेआठला सुटते, कुआलालंपूरला साडेनऊला. उलट कुआलालंपूरला जुम्याची वेळ होते तेव्हा भारतात पावणेअकरा-अकरा वाजलेले असतात, म्हणजे नेमकी ऑफिसची सकाळची मीटिंग. फेब्रुवारी-मार्चमधल्या रमजानमध्ये दोन्ही शहरांतली इफ्तारची वेळ भारतातल्या पाचच्या सुमारास येते. साहेबाला हे आधी सांगून ठेवलं तर कॉल चालू असताना खजूर शोधावा लागत नाही.

खाण्यापिण्याच्या बाबतीत मलेशियात फारशी अडचण नाही. तिथल्या सरकारी 'जाकिम'चा हलाल शिक्का दुकानोदुकानी दिसतो. आणि आपल्या कोकणी मंडळींना तिथली मशीद परकी वाटत नाही, कारण मलेशियातले बहुसंख्य मुसलमान शाफईच आहेत. बँकॉकमध्ये मात्र शोधावं लागतं. पेचाबुरी रस्त्याच्या सोई ७ मध्ये, राचथेवी स्टेशनजवळ, दारुल अमान मशीद आहे आणि तिच्या आसपास हलाल खाणावळी. कपड्याच्या व्यापाऱ्यांना ठाऊक असलेलं प्रतुनाम तिथून लांब नाही. चारोएन क्रुंग भागात जुनी हारून मशीद आहे. पॅकेटबंद खाणं घेताना थायलंडच्या मध्यवर्ती इस्लामिक समितीचा शिक्का पाहा. भाजीच्या पदार्थातही डुकराची चरबी असू शकते. आणखी एक, कारण आपली मुलं यात हमखास अडकतात: थायलंडमध्ये व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, बेकायदा आहे. बॅगेत ठेवूच नका.

आता तिसरी गोष्ट, तिथली नोकरी. सुरुवातीच्या त्या मेसेजला एकच प्रश्न विचारा: काम कॉम्प्युटरवरचं आहे, तर कंपनी माझ्या विमानाचे पैसे का भरते? चॅट आणि डेटा एंट्री भिवंडीत बसून करता येते. दहावी-बारावी झालेल्या, अनुभव नसलेल्या मुलाला कोणी परदेशात उचलून नेत असेल, तर त्याला त्याचं काम नकोय, तो स्वतः ताब्यात हवाय.

पुढचा मार्ग आता सर्वांना माहीत झालाय. मुलगा पर्यटक म्हणून सुवर्णभूमी विमानतळावर उतरतो. "ऑफिसला नेतो" म्हणून गाडीत बसवतात. गाडी अयुथया, नाखोन सावन, ताक करत सात-आठ तासांनी माए सोत या सीमेवरच्या गावात पोहोचते. तिथे मोएई नदी ओलांडली की म्यानमारमधलं म्यावाडी. पासपोर्ट काढून घेतात आणि खोट्या नावाने लोकांशी दोस्ती करून त्यांना क्रिप्टोत पैसे गुंतवायला लावण्याचं काम देतात. नकार दिला की मारहाण, सुटायचं तर खंडणी. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख लोक असे अडकल्याचा अंदाज दिला होता. भारताचं परराष्ट्र मंत्रालय सप्टेंबर २०२२ पासून सावध करतंय. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत ५४९ भारतीय परत आणले. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा २७० आणि १९७. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र सायबरने ६० हून अधिक जणांना सोडवलं आणि पाच एजंटांना अटक केली. म्हणजे या साखळीची सुरुवातीची कडी आपल्याच आसपास असते, बहुधा ओळखीचीच.

एजंट ओळखायची खूण त्याच्या एका वाक्यात आहे: "विमानतळावर विचारलं तर फिरायला चाललोय सांग." खरी नोकरी असेल तर हे खोटं बोलावं लागत नाही. खऱ्या नोकरीला त्या देशाचा कामाचा व्हिसा निघण्याआधी हातात येतो. परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटकडे भारत सरकारची नोंदणी लागते आणि त्याचा नंबर 'ई-मायग्रेट' पोर्टलवर तपासता येतो. त्याला ३० हजार रुपये आणि जीएसटीपेक्षा जास्त फी घेता येत नाही, आणि पावती द्यावी लागते. ज्यांच्या पासपोर्टवर ईसीआर आहे, साधारणपणे दहावी न झालेल्यांच्या, त्यांना १८ देशांत नोकरीला जाताना सरकारची मंजुरी लागते. त्या यादीत फक्त आखाती देश नाहीत. थायलंड, मलेशिया आणि इंडोनेशियाही आहेत. पर्यटक बनून गेलं की ही सगळी तपासणी टळते. एजंटला नेमकं तेच हवं असतं.

मुलगा निघालाच असेल तर घरच्यांनी त्याचं लाइव्ह लोकेशन चालू ठेवायला सांगावं आणि पहिल्या दिवशी लक्ष द्यावं. ऑफिस बँकॉकमध्ये सांगितलंय आणि गाडी अयुथयाच्याही पुढे उत्तरेकडे चाललीय, तर पेट्रोल पंपावर किंवा जेवणाच्या थांब्यावर, जिथे माणसं असतील तिथे उतरायला सांगा. तिथल्या टुरिस्ट पोलिसांचा नंबर ११५५ आहे. बँकॉकच्या भारतीय दूतावासाचा नंबर निघण्याआधीच कागदावर लिहून खिशात द्या, कारण सर्वात आधी फोनच काढून घेतला जातो. आणि इकडे पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला "लोक काय म्हणतील" म्हणून दोन दिवस थांबू नका. नदी ओलांडायच्या आधी सोडवणं सोपं असतं.