शेजार : किनाऱ्यावरचा आणि बांधावरचा



३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले. मुरूड तालुक्यातील काशीदच्या पट्ट्यात नारळी-पोफळी आडव्या झाल्या, रस्ते अडले, वीज गेली. पोफळ नव्याने लावली तर फळायला पाच-सहा वर्षे लागतात. अशा वेळी सरकारी मदत पोचेपर्यंत कोयता-कुऱ्हाड घेऊन धावतो तो शेजारीच.

मग शहरात शेजार नाही का? तसं म्हणू नये. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईकरांनी अनोळखी माणसांना घरात घेतलं, चहा-बिस्किटं दिली. फरक इतकाच, की तिथं पाणी ओसरलं की दारं पुन्हा लागतात. खेड्यात बांधाला बांध लागून, रोजचीच गाठ.

पण आपली ती गाठ तरी घट्ट राहिली आहे का? पैरा, इर्जिक मागं पडले. ट्रॅक्टर भाड्याने मिळतो, मग शेजारी हवा कशाला, असं वाटतं. गरज मात्र सरलेली नाही. क्षारपड जमिनीतला चर एकट्याच्या रानात संपत नाही. खालच्याने वाट दिली नाही, तर पाणी वरच्याच्या उसात तुंबतं. फडाला लागलेली आग बांध बघून थांबत नाही.

तेव्हा मंडळी, लागणीपूर्वी एका चरावरच्या सभासदांनी एकत्र बसावे, बांधाची भांडणं तिथंच मिटवावीत. वादळाची वर्दी आधी मिळते. जमिनीत क्षार मात्र गुपचूप चढतात.